बारा डिसेंबरची लुपे

लुपे कांतूच्या जन्माची गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण ती स्वतःच सांगत फिरते. एकोणीसशे एकोणसत्तरच्या डिसेंबरात, अकरा तारखेला दुपारी तिच्या आईला कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, दिवेलागणीपर्यंत मोकळी होशील. आई म्हणाली, मुळीच नाही. उद्या बारा तारीख, ग्वादालुपेच्या देवमातेचा सण. इतक्या जवळ येऊन तो हुकवायचा म्हणजे काय? बाई मांड्या आवळून, दातांत फडकं धरून पडून राहिली आणि बाराच्या पहाटे लुपे झाली. नावाचा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी आमच्या खोऱ्यात जन्मलेलं मूल ग्वादालुपेच व्हायचं, मग मुलगी असो नाहीतर मुलगा. हाकही दोघांना एकच, लुपे.

"बाकीच्यांचं नाव आईबापांनी ठेवलं," ती म्हणायची. "माझं माझ्या आईनं कळा सोसून मिळवलंय."

दरवर्षी सणाच्या प्रार्थनेला पाद्री विचारतात, आज कोणाकोणाचा दिवस आहे? मग बाकांमधून पन्नास-साठ माणसं उभी राहतात. त्यातले निम्मे मिशीवाले असतात. लुपे पहिल्या बाकावर, सगळ्यांच्या आधी उभी. इतका मिरवण्याचा सोस मला आवडत नाही, आणि तिला मी ते तोंडावर सांगितलंय. त्यावर ती म्हणाली, "मिस, तुमचं नाव ओफेलिया आहे, तुम्हाला काय कळणार?"

मी इथल्या सार्वजनिक वाचनालयात तेवीस वर्षं आहे. नावाला वाचनालय. पुस्तक मागायला दिवसाला चार माणसं येतात, बाकी सगळी छापायला, झेरॉक्स काढायला आणि इंग्रजी अर्ज भरून घ्यायला. टेक्सासचं हे दक्षिण टोक, नदीपलीकडे मेक्सिको, घरात स्पॅनिश आणि कचेरीत इंग्रजी. त्यामुळे मधल्या खिडकीत बसणाऱ्या बाईला गावाचं सगळं कळतं. लुपेनं तेवीस वर्षांत माझ्याकडे एकही पुस्तक मागितलेलं नाही. पण मक्याच्या सालीत उकडलेले तिच्या हातचे तामाले मी दर नाताळात खाल्लेत.

तिचं काम म्हाताऱ्यांचं. लग्न झालं त्या वर्षी सासूला अर्धांगवायू झाला, तिथून सुरुवात. सासू गेली, मग शेजारचे आजोबा, मग त्यांची बहीण, असं करत सव्वीस वर्षांत तिनं अकरा जणांचं केलं. आंघोळीचं पाणी आधी ती स्वतःच्या मनगटावर घेते. म्हाताऱ्या माणसाला उचलताना "आता उचलते हं" असं सांगितल्याशिवाय हात लावत नाही, मग त्या माणसाला ऐकू येत असो वा नसो. शेवटची दोन्या एल्विरा. दोन्या म्हणजे आमच्याकडे मोठ्या बाईच्या नावाआधी मानानं लावतात ते. दोन्या एल्विराचं तिनं सहा वर्षं केलं. त्या गेल्या वसंतात गेल्या आणि लुपेच्या हाताला काम उरलं नाही.

तेव्हाच महामार्गाकडेला नवा वृद्धाश्रम उघडला होता. ऐंशी खाटांचा, गार हवेचा, आणि पगाराबरोबर आजारपणाचा विमा देणारा. लुपेचा नवरा आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला जातो, त्यामुळे विम्याचं नाव काढलं की ती कान टवकारायची. मुलाखत झाली, पसंती झाली, गणवेशाचं माप घेतलं. एका कागदावर सही घेतली की पार्श्वभूमी तपासायला तुमची ना नाही. लुपे म्हणाली, तपासा की. सव्वीस वर्षं मी काय लपून केलंय?

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ती माझ्या खिडकीशी आली. हातात देवमातेची तसबीर होती, कोपरा फाटलेली. तिला वरून प्लॅस्टिक चढवून हवं होतं. मागे आठ माणसांची रांग होती आणि छपाईचं यंत्र सकाळपासून रुसलेलं.

"मिस," ती हळूच म्हणाली, "इंग्रजीत पत्र आलं आणि त्यात आपल्याबद्दल धडधडीत खोटं लिहिलेलं असलं, तर उत्तर द्यायलाच लागतं का?"

"जन्मतारीख मागतायत का?"

"हो. आणि सोशलचा नंबरही."

"मग फसवणूक आहे ती. उत्तर देऊ नको, फोन करू नको. फाडून टाक."

त्या उन्हाळ्यात जन्मतारीख आणि सोशल, म्हणजे सरकारनं माणशी दिलेला ओळख क्रमांक, मागणाऱ्या पत्रांचा गावात सुळसुळाट झाला होता. दोन म्हाताऱ्यांची बँकेतली पुंजी गेली होती. म्हणून मी दारावर मोठा फलक लावला होता आणि साप साप म्हणून भुई धोपटायची मला सवयच लागली होती. पत्र दाखव, एवढंही मी म्हटलं नाही. तसबिरीला प्लॅस्टिक चढवलं आणि पुढच्याला बोलावलं.

लुपेनं पत्र फाडलं नाही. त्यावर तिचं नाव होतं, आणि नावाच्या कागदाला ती कात्री लावत नाही. तिनं ते घडी घालून देवमातेच्या तसबिरीखाली ठेवलं, मेणबत्ती लावली आणि नऊ दिवसांचं व्रत धरलं. आमच्याकडे अडचणीचा कागद असाच ठेवतात. माझ्या आईनं माझ्या नापासाचं प्रगतिपुस्तकही ठेवलं होतं. दहाव्या दिवशी दुसरं पत्र आलं. त्यात दोनच ओळी होत्या: अहवालातल्या नोंदीमुळे आपल्याला ही नोकरी देता येत नाही, आपल्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा.

दोन्ही पत्रं घेऊन ती आली तेव्हा दुपार होती आणि रांग नव्हती. मी पहिलं पत्र वाचलं, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"लुपे, ही फसवणूक नाही. हे वृद्धाश्रमाचं पत्र आहे. ते म्हणतायत, तपासणीत हे हे सापडलंय, चूक असेल तर जन्मतारीख आणि सोशलचा नंबर घालून कामाच्या पाच दिवसांत कळवा, तोवर आम्ही निर्णय घेत नाही."

"तुम्हीच म्हणालात उत्तर देऊ नको."

"म्हणाले."

"मी नऊ दिवस प्रार्थना केली."

"त्यांनी पाच दिले होते."

मला तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून मी अहवालाची पानं उलटत बसले. पहिल्या दोन पानांवर तिचा पत्ता आणि जुन्या पत्त्यांची यादी. तिसऱ्या पानावर तो गुन्हा. दोन हजार अकरा साल, इथून तीन तासांवरचा एक जिल्हा, वृद्ध व्यक्तीला इजा करणे, दोषी. आरोपीचं नाव ग्वादालुपे कांतू. जन्म बारा डिसेंबर एकोणीसशे एकोणसत्तर. खाली बारीक अक्षरात आणखी चार ओळी होत्या. त्या मी मोठ्यानं वाचायला घेतल्या आणि थांबले.

"काय?" लुपे म्हणाली.

"लिंग, पुरुष. उंची पाच फूट दहा."

लुपे टाचा उंच करून उभी राहिली तरी तिची हनुवटी जेमतेम माझ्या खिडकीच्या फळीला लागते.

"आणखी?"

"वजन दोनशे दहा पौंड. मानेवर गोंदण, विंचू."

तिनं कॉलर खाली ओढून मान माझ्याकडे वळवली. "बघा हो मिस, तिथं मस आहे, त्याला नांगी फुटली की काय."

आम्ही दोघी हसलो. खूप हसलो, कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ वळून बघायला लागले इतक्या. मग आधी लुपे थांबली. तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि त्या ओळींवर बोट ठेवलं.

"म्हणजे मला नोकरी नाकारणाऱ्या माणसानं हे वाचलंच नाही?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मिस, यात लिहिलंय की मी म्हाताऱ्या माणसाला मारलं. तुरुंगात गेले, चोरी केली असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण हे?"

पहिल्या पत्राला आणखी एक कागद जोडलेला होता, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरातला. मथळा होता, आपले हक्क. असले कागद मी शेकड्यांनी छापून दिलेत, पण कधी वाचले नव्हते. त्या दिवशी वाचले. चष्मा पुसून, बोट ठेवून, एकेक ओळ आमच्या भाषेत करून लुपेला सांगितली. नोकरी नाकारायच्या आधी अहवालाची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. चूक असेल तर तपासणाऱ्या कंपनीकडे तक्रार करता येते, एक छदामही न देता. कंपनीनं तीस दिवसांत शहानिशा केलीच पाहिजे आणि खोटं ठरलं तर खोडलंच पाहिजे. सुधारलेला अहवाल आधीच्या मालकाला पाठवा, असंही सांगता येतं.

"एवढं सगळं माझ्या देवमातेच्या पायाखाली होतं?" लुपे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर वृद्धाश्रमात गेले. भरतीचं काम बघणारी नोएलिया म्हणजे त्याच दोन्या एल्विराची नात. शाळेत असताना ती दुपारी आजीकडे यायची आणि लुपेच्या हातच्या गरम तोर्तिया खायची. आम्हाला बघताच ती उठून उभी राहिली आणि तिनं दार लावून घेतलं.

"दोन्या लुपे, मला काय कळत नाही? माझ्या आजीला सहा वर्षं तुम्ही आंघोळ घातलीत."

"मग सांग की त्यांना, मिहा, पोरी."

"कोणाला सांगू? वरच्या कचेरीत एक बाई आहे, मी तिला कधी पाहिलेलं नाही. पडद्यावर हिरवं आलं की घ्या म्हणते, लाल आलं की नको म्हणते. तुमचं लाल आलं."

"त्यात मी पुरुष आहे असं लिहिलंय."

"वाचलं मी."

"वाचलंस?" हे मी विचारलं. माझा आवाज वाचनालयात शोभणारा नव्हता.

नोएलिया टेबलावरची पेन सरळ करत राहिली. "मिस, मला लालाचं हिरवं करायचा अधिकार नाही. दोन्या लुपेंनी पाच दिवसांत दोन ओळी लिहिल्या असत्या तर फाईल थांबली असती. रोज डाक बघत होते मी."

"एक फोन करायचास."

"अर्जदाराशी फोनवर बोलायचं नाही, सगळं लेखीच, असा नियम आहे. करणार होते. दोनदा उचलला होता."

लुपे मध्ये पडली. "जाऊ दे मिस, तिची नवी नोकरी आहे." आणि निघताना तिनं नोएलियाच्या गालाला हात लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी जल्लादाची समजूत काढतोय, हे बघून माझं डोकं जास्तच तापलं. घरी येऊन मी नवऱ्याशी कारण नसताना भांडले.

जिल्ह्याच्या गावी गरिबांना फुकट सल्ला देणारे वकील बसतात. त्यातला सामारिपा नावाचा तरुण आम्हाला भेटला. सुटावर खेळाचे बूट घातलेला, पण बोलायला साधा. त्यानं अहवाल बघितला आणि विंचवापाशी शीळ वाजवली.

"कोर्टाच्या कागदावर सोशलचा नंबर नसतो, सेन्योरा. म्हणून या कंपन्या नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस जुळला म्हणतात. इतर ठिकाणी ते बहुतेक वेळा खपूनही जातं."

"आमच्याकडे बारा डिसेंबरला जन्मलेले सगळेच लुपे," मी म्हटलं.

"माझा काकाही लुपेच आहे, मिस. त्या कंपनीत कोणालाच हे माहीत नसणार. पण कायदा म्हणतो, नोंद खरी असावी म्हणून शक्य तेवढी काळजी घ्या. एक ओळ खाली वाचणं ही काही फार मोठी काळजी नव्हे. यांच्यावर दावा होऊ शकतो."

मग त्यानं कामाची यादी केली. त्या जिल्ह्याच्या कोर्टातून खटल्याची शिक्क्याची प्रत मागवायची, तिच्यात त्या माणसाचं वर्णन असतं. लुपेच्या ओळखपत्राची प्रत जोडायची. तक्रार पोचपावतीच्या टपालानं पाठवायची. आणि ज्यांच्याकडे तिनं काम केलं त्यांची दोन-तीन पत्रं असली तर बरं.

लुपेनं पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आमच्याकडे अंत्यविधीत मृत माणसाचं नाव आणि मागे प्रार्थना छापलेलं छोटं चित्र वाटतात. तसली अकरा चित्रं तिनं त्याच्या टेबलावर ओळीनं मांडली.

"माझी ओळख देणारे हे एवढे आहेत," ती म्हणाली.

सामारिपानं एकेक उचलून नाव वाचलं. मग परत तसंच ओळीत ठेवलं. "यांच्या मुलांकडून घेऊ पत्रं."

"आणि सगळं झालं की नोकरी मिळेल ना?"

"अहवाल दुरुस्त होईल."

"मी नोकरीचं विचारतेय."

"जागा राखून ठेवा, असं कायदा मालकाला सांगत नाही, सेन्योरा. त्यानं प्रत दिली, पाच दिवस दिले. त्याच्या बाजूनं तो मोकळा."

"मग माझा हक्क कशावर?"

"कागद दुरुस्त करून घेण्यावर."

लुपेनं चित्रं गोळा करून डब्यात भरली. परतीच्या वाटेवर गाडीत तो डबा तिनं मांडीवर धरून ठेवला.

कोर्टाची प्रत यायला अकरा दिवस लागले. तेवढ्या वेळात गावाला कळलं. कसं कळलं देव जाणे; दार बंद केलं म्हणून भिंतींना कान फुटायचे राहत नाहीत. शनिवारच्या बाजारात जुने कपडे विकणारी चायो ही लुपेची कोमाद्रे, म्हणजे लुपेच्या मुलीची धर्ममाता. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या. चायोनंच तिला सांगितलं.

"कोमाद्रे, लोक म्हणतायत तू कोणा म्हाताऱ्यावर हात टाकलास."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, ती माझ्या नवऱ्यावर टाकत नाही, तो एवढा मार खायच्या लायकीचा असून, तर म्हाताऱ्यावर काय टाकेल?"

लुपे हसली नाही. त्याच आठवड्यात एका घरानं तिला रविवारच्या चार तासांसाठी बोलावलं होतं, त्यांचा निरोप आला की आता गरज नाही. त्या घरातली म्हातारी लुपेची जुनी शेजारीण. लुपे दोन दिवसांनी त्या बाजूनं गेली तेव्हा म्हातारी ओसरीवर बसली होती, आणि शेजारी दुसरीच बाई तिला दलिया भरवत होती. "मिस, ती बाई घास गार न करताच भरवत होती," लुपे मला म्हणाली, आणि माझ्या खिडकीसमोर, लोकांदेखत रडली. मी फळी उचलून बाहेर आले आणि तिला आतल्या खोलीत नेलं. तेवीस वर्षांत मी खिडकी उघडी टाकून कधी उठले नव्हते.

तक्रार आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाठवली. शिक्क्याच्या प्रतीत त्या दुसऱ्या लुपे कांतूचा फोटोही होता. जाड मानेचा, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. लुपेनं तो बराच वेळ न्याहाळला.

"याच्याही आईनं मांड्या आवळल्या असतील," ती म्हणाली.

"त्यानं आपल्याच बापाला मारलंय, लुपे."

"ते वेगळं. मी त्याच्या आईचं बोलतेय."

सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं. सदर नोंद आपल्या अहवालातून काढून टाकण्यात आली आहे. चुकलो, असा शब्द त्यात शोधूनही सापडला नाही. पण लुपेला तेवढ्यानंही आभाळ ठेंगणं झालं. तिनं पत्राच्या वीस प्रती काढायला लावल्या. चर्चच्या फलकावर एक लावली, चायोच्या दुकानात एक लावली, त्या रविवारच्या घराच्या दारात एक सरकवली, आणि एक घेऊन, गणवेशाच्या मापाची चिठ्ठी पर्समध्ये ठेवून, वृद्धाश्रमात गेली.

नोएलियाकडेही सुधारलेला अहवाल पोचला होता. पडद्यावर सगळं हिरवं होतं. फक्त जागा दोन आठवड्यांपूर्वी भरली गेली होती. वरातीमागून घोडं ते असं. नोएलिया म्हणाली, पुढची जागा निघेल तेव्हा पहिला फोन तुम्हाला, आणि यावेळी खरंच फोन करीन. मग तीच रडायला लागली आणि लुपेला तिचे डोळे पुसावे लागले.

नोव्हेंबरात शेजारच्या गावी घरोघर सेविका पाठवणाऱ्या एका संस्थेत लुपेनं अर्ज टाकला. यावेळी सुरुवातीलाच तिनं पत्राची प्रत पुढे केली. तिथल्या बाईनं ती हसून परत दिली. आमची तपासणी दुसरी कंपनी करते, म्हणाली. आठवड्याभरात पाकीट आलं. लुपेनं ते उभ्या उभ्या, डाकवाल्यासमोर उघडलं. तेच साल, तोच जिल्हा, तोच विंचू.

सामारिपाला फोन लावला. तो म्हणाला, या कंपन्या वेगवेगळ्या, प्रत्येक जण आपापल्या गोदामातून माल काढतो. एकीनं खोडलं म्हणून दुसरीनं खोडलं असं होत नाही. पुन्हा तक्रार, पुन्हा तीस दिवस. दावा मात्र त्यानं पहिल्या कंपनीवर दाखल केलाय. निकाल कधी? वर्ष, दोन वर्षं. चायोनं कपाळाला हात लावला. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, कोमाद्रे."

"मी कुठं चढले?" लुपे म्हणाली. "मला झोपेत उचलून त्या पायरीवर ठेवलंय."

आता तिच्याकडे एक निळी फाईल असते. शिक्क्याची प्रत, त्या माणसाचा फोटो, कंपनीचं पत्र, ओळखपत्र, म्हाताऱ्यांच्या मुलांची पत्रं. मी लेबल लावायला सांगितलं तर तिनं त्यावर स्वतःचं नाव लिहू दिलं नाही. दुकानात कोणी "लुपे!" अशी हाक मारली की ती आधी मागे वळून बघते, कोण आलंय ते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती प्रती काढायला आली होती. दुसऱ्या तक्रारीला जोडायला पाच हव्या होत्या. यंत्रात कागद सरकत असताना तिचा फोन वाजला. हातात फाईल, म्हणून तिनं फोन माझ्या फळीवर ठेवूनच बोलायचं बटण दाबलं. पलीकडे मारिसेला होती, तिची एकुलती एक मुलगी, पहिलटकरीण. ती लुपेला मामी म्हणते, आमच्याकडे आईला तसंच म्हणतात. मूल आडवं आहे, पोट उघडावं लागणार, हे आम्हाला माहीत होतं.

"मामी, डॉक्टरांनी दोन तारखा दिल्यात." मारिसेलाचा आवाज आनंदानं नुसता फुटत होता. "गुरुवार बारा, नाहीतर सोमवार सोळा. तूच सांग म्हणाले. म्हणजे मीच म्हटलं, आईला विचारते."

लुपे यंत्राकडे बघत होती.

"मामी? ऐकतेयस ना? बारा मोकळी आहे. आजीसारख्या मांड्यासुद्धा आवळायला नकोत, आयती मिळतेय. सांगून टाकू ना?"

"सोमवार घे."

"काय?"

"सोळा घे, मिहा."

"मामी, मुलगी आहे. तुझं नाव ठेवणार आहोत आम्ही. पाळण्यावर लिहून झालंय."

"पुसून काढ. रंग ओला असेल तर ओल्या फडक्यानं निघेल, नाहीतर थोडं रॉकेल घे."

"अगं पण का? कागद तर दुरुस्त झाला ना तुझा?"

"झाला," लुपे म्हणाली. "सोळा सांग डॉक्टरांना. आणि संध्याकाळी जेवायला ये, भाताची खीर केलीय." तिनं फोन बंद केला.

यंत्र थांबलं. पाच प्रती निघाल्या होत्या, अजून गरम. तिनं त्या नीट जुळवून फाईलमध्ये घातल्या, गाठ मारली आणि फाईल छातीशी धरून उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल. मी फळी उचलायला हात घातला.

"मिस," ती म्हणाली, "मुलांच्या नावांचं पुस्तक असतं का तुमच्याकडे?"

होतं. मागच्या कपाटात, तिसऱ्या फळीवर. मी ते काढून आणलं, धूळ झग्याच्या टोकानं पुसली आणि तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते उघडलं नाही लगेच.

"यात कुठलं नाव किती जणांचं आहे, ते लिहिलेलं असतं?"

"नसतं, लुपे."

"मग मला एक नाव शोधायचंय," ती म्हणाली, "जे या खोऱ्यात कोणाचंच नसेल. तुम्ही सगळ्यांचे अर्ज भरता. मी वाचत जाते, तुम्ही सांगत जा."

मी तिला खुर्ची आणून दिली. तिनं चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून एकेक नाव वाचायला सुरुवात केली.